झाकण मिटले म्हणजे विश्रांती झाली काय?

'लॅपटॉपचे झाकण मिटले की आमचे काम संपले', असे आजचे नोकरदार मोठ्या समाधानाने सांगतात. हे समाधान खोटे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. झाकण मिटल्याने काम संपत नाही. ते केवळ ताटकळत राहते.

ह्या सोयीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९८६ साली आयबीएम कंपनीने 'पीसी कन्व्हर्टिबल' हा सुमारे ६ किलो वजनाचा संगणक बाजारात आणला. तो बंद केला तरी स्मृतीला मिळणारी वीज तुटत नसे. पुन्हा सुरू करताच अर्धवट राहिलेले काम जसेच्या तसे समोर येई. १९८९ च्या ॲपलच्या 'मॅकिंटॉश पोर्टेबल'लाही अशी झोप अवगत होती. १९९० मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी '३८६ एसएल' हा प्रोसेसर काढला, आणि १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून वीज वाचवण्याची एक समान पद्धत आखून दिली. तुटपुंजी बॅटरी पुरवून वापरावी, हा यामागचा हेतू रास्तच होता. दोष अभियंत्यांचा नाही. बॅटरी वाचवण्याची युक्ती आपण जगण्याची रीत म्हणून स्वीकारली, हा दोष आपला आहे.

यंत्राच्या झोपेचे दोन प्रकार आहेत. 'स्लीप'मध्ये पडदा विझतो, प्रोसेसर थांबतो, पण स्मृती जागी ठेवण्यासाठी वीज झिरपतच राहते. बॅटरी पार संपली, तर जतन न केलेले सारे नाहीसे होते. 'हायबरनेट'मध्ये स्मृतीतले सर्व काही डिस्कच्या स्वाधीन करून यंत्र पूर्णपणे बंद होते. पहिली राखणदाराची डुलकी. दुसरी भार सोपवून घेतलेली झोप. ख्रिस्तसभा आपल्या रात्रीच्या प्रार्थनेत आत्मा प्रभूच्या हाती सोपवते, ती ह्या दुसऱ्या प्रकारची झोप. आपल्या घरांतून मात्र पहिलाच प्रकार बोकाळला आहे. देह अंथरुणावर, चित्त अर्ध्या राहिलेल्या कामावर.

कोणी म्हणेल, जिथे थांबलो तिथूनच सुरुवात करता आली तर वेळ वाचतो. त्यात वावगे काय? वेळ वाचतो, हे मान्य. पण वाचलेला वेळ गेला कुठे? तो कुटुंबाला मिळाला की पुन्हा कामानेच गिळला? उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराच्या कामाच्या प्रत्येक दिवसाला संध्याकाळ आहे. सातव्या दिवशी त्याने काम पूर्ण केले आणि मग विसावा घेतला. शब्बाथ म्हणजे खंड नव्हे, पूर्णता. अनुवादाच्या पुस्तकात तर ह्या आज्ञेला मिसर देशातील गुलामगिरीच्या आठवणीची जोड दिली आहे. ज्याला स्वतःची संध्याकाळ नाही, तो गुलाम, हा त्याचा अर्थ.

दुर्दैवाने आता यंत्राची ती डुलकीही उरली नाही. २०१२ च्या 'विंडोज ८'पासून अशी व्यवस्था आली की, पडदा विझलेला असतानाही यंत्र इंटरनेटशी जोडलेले राहू शकते आणि टपाल उतरवून घेऊ शकते. यंत्र झोपेतही साहेबांच्या हाकेला ओ देते, आणि त्याच्या मालकानेही तसेच करावे अशी अपेक्षा धरली जाते.

येथे मला आपल्यातीलच मालक व अधिकारी मंडळींना खडसावून विचारायचे आहे. रविवारी पहिल्या बाकावर बसून पवित्र मिस्सात भाग घ्यायचा आणि त्याच दुपारी हाताखालच्या माणसाकडे हिशेब मागायचा, हे कोणत्या धर्मात बसते? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम'मध्ये कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ मध्ये 'दिएस दोमिनी' हे प्रेषितीय पत्र प्रभूच्या दिवसासाठीच लिहिले. रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकेला रविवारीही जावे लागते. शब्बाथ माणसासाठी आहे, हे प्रभूनेच शिकवले. पण सोमवारी चालणारा हिशेब रविवारी मागणे ही सेवा नव्हे, हाव आहे.

तेव्हा शनिवारी संध्याकाळी आपल्या घरातील लॅपटॉप निजवू नका, बंद करा. जे झाले ते जतन करा, जे राहिले ते देवाच्या हाती सोपवा. सोमवारी यंत्र सुरू व्हायला दोन मिनिटे अधिक लागतील. तेवढी किंमत स्वतंत्र माणसाने आनंदाने मोजावी.