कपाटाचा पापुद्रा

बँकेच्या सेवेत असताना मालमत्तेवर दरवर्षी घसारा काढण्याचे काम मी कितीतरी वर्षे केले. पुस्तकी किंमत घटत घटत एक रुपयावर आली, की ती वस्तू हिशेबातून जवळजवळ नाहीशी होई. त्या न्यायाने आमच्या सांगलीच्या घरातील वडिलांचे ग्रंथांचे कपाट केव्हाच निकालात निघाले असते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी घरात शिरले. ग्रंथ माडीवर हलवता आले. कपाट मात्र गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पाणी ओसरल्यावर दारांवरील सागवानी व्हिनिअर खालच्या कडेने पापडासारखे सुटले, वर ठिकठिकाणी फुगे आले. व्हिनिअर म्हणजे उंची लाकडाचा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पापुद्रा, साध्या लाकडावर चिकटवलेला.

एका वृद्ध सुतार मिस्त्रींनी तो नखाने उचलून पाहिला. म्हणाले, "साहेब, जुना सरस आहे. पाण्याने सैल होतो, म्हणून सुटला. नवा सरस आणतो."

सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, हे मला ठाऊक होते. ज्या कपाटात वडिलांनी आयुष्यभर ग्रंथ जपले, त्यात तो पहिल्यापासूनच होता, हे मात्र त्या दिवशी कळले. वडिलांनाही ते ठाऊक नसावे. मी म्हणालो, "आहे तो राहू द्या; नवा नको." मिस्त्री क्षणभर थांबले. "मग कष्ट वाढतील," एवढेच बोलले.

कपाट सावलीत महिनाभर वाळू दिले. उन्हात व्हिनिअर चिरते. कडांखालचा गाळ मऊ ब्रशाने काढला. मग प्रत्येक फुग्यावर ओलसर फडके ठेवून कोमट इस्त्री टेकवली. जेथे जुना सरस शिल्लक होता तेथे तो पुन्हा मऊ झाला. वर प्लास्टिकचा कागद, सपाट फळी आणि रात्रभर वजन ठेवताच फुगा बसला. इस्त्री फार तापवू नये, जुने पॉलिश पांढुरके पडते.

जे फुगे बसले नाहीत त्यांना लाकडाच्या रेषेच्या दिशेने बारीक चीर दिली आणि इंजेक्शनच्या सिरिंजने पांढरा कृत्रिम डिंक आत सोडला. सुटलेल्या कडांखाली हा डिंक जुन्या सरसावर नीट धरत नाही. म्हणून सरस कोमट पाण्याने पुसून, खरवडून, लाकूड वाळवून मगच लावला आणि चोवीस तास शिकंज्यात आवळून ठेवला.

एका ठिकाणी चार इंचांचा तुकडा वाहूनच गेला होता. तेथे चौकोनी ठिगळ उठून दिसते. मिस्त्रींनी होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता तुकडा रेषांशी रेषा जुळवून बसवला. पॉलिशपेपर हातानेच, रेषेच्या दिशेने फिरवला. यंत्राने पापुद्रा क्षणात आरपार जातो.

लाखदाण्याचे पॉलिशही नको म्हटले, कारण लाख कीटकांपासून मिळते. त्याऐवजी किंचित रंग मिसळून जवसाचे तेल दिले. एक सावधगिरी सांगतो: या तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

या हिशेबात एक नावेची नोंदही करायला हवी. सरसाचे काम उष्णतेने व ओलाव्याने पुन्हा उलगडता येते; पांढऱ्या डिंकाचे तितक्या सहज उलगडत नाही. म्हणजे माझ्या आग्रहापायी पुढच्या कारागिराचे काम मी अवघड करून ठेवले आहे. पदभार सोपवताना अपुऱ्या कामांची यादी द्यावी, हा आमच्या नोकरीतला शिरस्ता. म्हणून दाराच्या आतल्या बाजूस एक चिठ्ठी लावली आहे: कोठे जुना सरस आहे, कोठे नवा डिंक, आणि तो का.

ग्रंथ आता पुन्हा खाली आले आहेत.