कुलूप कुणाच्या दाराला?

इगतपुरीत पाऊस लागला की नेट जातं. मग मी विकत घेतलेली जुनी डीव्हीडी लिनक्सवर व्हीएलसीत लावतो. त्यासाठी तिचं डिजिटल कुलूप उघडावं लागतं. ही चोरी झाली का?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ निदान हेतू तरी विचारतं: हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद. २००२ साली अमेरिकी सिनेटमध्ये आलेल्या विधेयकाला मात्र प्रत्येक डिजिटल यंत्रातच कुलूप हवं होतं. ते बारगळलं, हे बरंच झालं. ज्याचा कोड कुणीही बदलू शकतो, त्या ओपन सोर्समध्ये न निघणारं कुलूप बसणार कसं? असा कायदा चोराआधी ओपन सोर्सलाच गुन्हेगार ठरवतो. तुमच्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. चोराला जरूर पकडा, पण पान्या-पकडीवर बंदी कशाला?