नोकरी सोडणाऱ्यास कायद्याने अडविता येते काय?

मुरुड (जि. लातूर) : शिकवणी वर्गातील नामांकित प्राध्यापक बाहेर पडला, की विद्यार्थीही त्याच्यामागे जातात. ‘लातूर पॅटर्न’च्या जिल्ह्यात हे नवे नाही. मुरुडसारख्या बाजारगावातील आडत दुकानातही शेतकरी पाटीपेक्षा मुनिमाला अधिक ओळखतो. म्हणूनच ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे जिल्ह्यात हा व्यवसाय करणार नाही’, असे स्टॅम्प पेपरवर लिहून घेण्याचा मोह मालकांना होतो. हा कागद न्यायालयात सहसा टिकत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. इंग्लंडमध्ये असे बंधन वाजवी आहे काय, हे पाहिले जाते. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला ती सवलतही नाही.

मालकांचे वकील हमखास पुढे करतात तो सेंच्युरी स्पिनिंगचा खटला. कल्याणजवळील कारखान्यात टायर कॉर्डचे परदेशी तंत्र शिकलेला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून कोटा येथील प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याच्यावरील मनाई कायम केली. मात्र ती कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती, म्हणजे मार्च १९६८ पर्यंतच होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते. मुदत संपल्यानंतरचे बंधन चालत नाही, हे श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्या विरोधातील पर्सेप्ट कंपनीच्या दाव्यात २००६ साली पुन्हा स्पष्ट झाले.

मग मालकाच्या हाती काय उरते? पुरेशी नोटीस, खरोखर गोपनीय असलेली माहिती न फोडण्याची अट आणि किमान सेवेचा बाँड. विजया बँकेचा तीन वर्षांच्या सेवेचा, दोन लाख रुपयांचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरविला. कारण त्यात दुसरीकडे नोकरी करण्यास मनाई नव्हती.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ३६ नुसार बाहेर पडणाऱ्या भागीदारावर ठरावीक काळ किंवा ठरावीक क्षेत्रापुरते वाजवी बंधन घालता येते. अर्थात, त्यासाठी प्राध्यापकाला नफ्यात खराखुरा वाटा द्यावा लागेल.