हाऊसची आई

 

'बॉलरूम' म्हटले की आमच्या पिढीला जोडीजोडीचा साहेबी नाच आठवतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले बॉल निराळे, बरं का! तिथे येणारे बहुतेक काळे आणि लॅटिन वंशाचे, समलिंगी नाहीतर तृतीयपंथी. कित्येकांना घरच्यांनीच बाहेर काढलेले. पोरसवदा वय, आणि रात्री पाठ टेकायला जागा नाही.

१९६७ साली न्यूयॉर्कमधल्या एका सौंदर्यस्पर्धेत काळ्यांना डावलतात म्हणून क्रिस्टल लाबेजा सर्वांदेखत कडाडली. पुढे काही वर्षांत तिच्या नावाचे 'हाऊस' निघाले. हाऊस म्हणजे दगडविटांचे घर नव्हे, मुलांनो. पोरक्यांना आपले म्हणणारी माणसे म्हणजे हाऊस. त्याला एक 'मदर' असते. ती रागावते, निभावून नेते, बॉलसाठी तयारी करून घेते. मुले हाऊसचे नाव आडनाव म्हणून लावतात.

स्पर्धेत 'रिअलनेस' नावाचा प्रकार असतो. ऑफिसातला साहेब, शाळकरी मुलगा, लष्करातला जवान असा हुबेहूब वेष करून चालायचे. परीक्षक दहापैकी गुण देतात. ज्याला ऑफिसात कोणी उभे करत नाही, तो त्या रात्री साहेब! काहींना हा नुसता नटवेपणा वाटेल. आम्हाला नाही वाटत. रस्त्यात ओळखू आले तर मार खावा लागे, तेव्हा ही जीव वाचवायची तालीमसुद्धा होती.

'व्होग' मासिकातल्या मॉडेलसारखे झटक्यात हातपाय वळवून थबकायचे, तो नाच व्होगिंग. विली निंजा त्यातला उस्ताद. मोठमोठ्या मॉडेलना चालायला शिकवी. २००६ साली एड्सने गेला.

एड्सने ह्या लोकांत फार माणसे नेली. १९९६ च्या सुमारास चांगली औषधे येईपर्यंत डॉक्टर-नर्सच्या हाती सेवेपलीकडे थोडेच होते. दवाखान्याला भिणारी पोरे बॉलला मात्र हमखास येत. 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' ह्या संस्थेने ते हेरले, 'हाऊस ऑफ लेटेक्स' काढले आणि बचावाची माहिती थेट बॉलमध्ये नेली. आम्हा नर्सांना हे फार पटते. रोगी येईल म्हणून वॉर्डात बसून काय राहायचे?

हाऊस ऑफ एक्स्ट्रावागांझाची आई अँजी हीही त्याच आजाराने १९९३ साली वारली. एवढ्या पोरांची आई, आणि वय अवघे २८. त्या हाऊसमधली मुले आजही एक्स्ट्रावागांझा हेच आडनाव लावतात.