चिरंजीवांसाठी टीम निवडताना

अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून, एडिसन गावातून, एका वाचक-भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. मुलगा चौदा वर्षांचा. बेसबॉल म्हणजे जीव की प्राण. गावातल्या लीगमध्ये खेळून झालं, आता त्याला 'ट्रॅव्हल टीम'मध्ये जायचंय. चाचणीनंतर दोन टीमनी बोलावलं आहे. एक नावाजलेली; फी २,८०० डॉलर, पण मुलं अठरा. दुसरी घराजवळची, साधी, बारा मुलांची, फी निम्मी. "आमच्या ह्यांचं म्हणणं, पैसे मोजायचेच तर मोठ्या टीमला मोजू. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, मी काय बोलणार?" आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, "हल्ली मॅचहून आला की कोपराला बर्फ लावून बसतो. बाबांना सांगू नकोस म्हणतो."

बाई, हे शेवटचं वाक्य तुम्ही पहिलं लिहायला हवं होतंत!

इकडच्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. ट्रॅव्हल टीम म्हणजे शाळेची नव्हे, खाजगी. फी भरायची आणि शनिवार-रविवार गावोगावी स्पर्धांना जायचं. शनिवारी साखळी सामने, रविवारी बाद फेरी. म्हणजे जिंकत गेलं तर दोन दिवसांत चार-पाच मॅचेस. मैदानात नऊ जण. त्यातला चेंडू फेकणारा तो पिचर, आणि सगळा भार त्याच्या हातावर. शिवाय बारा वर्षांपर्यंत पिचर ४६ फुटांवरून फेकतो. पुढे मोठं मैदान आलं की तेच अंतर साडेसाठ फूट होतं. अंगात तेवढं बळ येण्याआधी मैदान वाढतं. आपले चिरंजीव पिचर आहेत, हे पत्रावरून दिसतंच आहे.

तेव्हा टीमचं नंतर बघू, आधी कोपर. हाडं वाढत असलेल्या मुलाचा कोपर दुखतो म्हणजे बर्फ लावून खेळत राहायचं नाही. फेकणं ताबडतोब बंद आणि खेळाडूंचे हात तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात त्याच्याच हातातली शीर काढून बसवली आणि तो पुन्हा खेळला. तेव्हापासून ते ऑपरेशन त्याच्याच नावाने ओळखलं जातं. आज शाळकरी मुलांवरही ते करावं लागतं, आणि नंतर साधारण वर्षभर खेळ बंद.

खेळ कळत नाही म्हणता ना? मोजता तर येतं! २०१४ साली मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून 'पिच स्मार्ट' नावाचे नियम काढले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू फेकावेत, आणि ६६ किंवा त्याहून अधिक फेकले तर पुढचे चार दिवस हाताला पूर्ण विश्रांती. वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग. पिचिंग करून त्याच मॅचमध्ये कॅचर व्हायचं नाही. आता गंमत बघा, शनिवारी सत्तर चेंडू फेकलेला मुलगा रविवारच्या फायनलला उभा केला की नियम मोडलाच. पण फायनल असते, कोचला चषक हवा असतो, मुलगा 'नाही' म्हणत नाही. म्हणून दोन्ही कोचना हेच विचारा: चेंडू कोण मोजतं? वही दाखवाल का? रविवारसाठी वेगळे पिचर किती? तो शाळेकडूनही फेकत असेल तर तेही यात धरता ना? जो कोच या प्रश्नांनी वैतागेल, त्याची टीम कितीही नावाजलेली असो, तिथे मुलाला घालू नका. गळ्यात पदकं घालून मिरवणाऱ्या टीमविषयी मला तरी फारसं कौतुक नाही.

दुसरं, अठरा मुलांत नऊ जागा. उरलेले नऊ काय करतात, ते एकदा जाऊन बघा. प्रवेशाआधी एखादी मॅच बाकाजवळ बसून पाहिलीत तर बरंच उमगेल. चुकलेल्या मुलाशी कोच कसा बोलतो, कोचचा स्वतःचा मुलगा टीममध्ये असेल तर त्याला दर वेळी आवडीची जागा मिळते का, ऐन वेळी बाहेरून 'पाहुणे' खेळाडू आणून नेहमीच्यांना बसवतात का. चौदाव्या वर्षी पोर खेळून शिकतं. बाकावर बसून फक्त टोपी शिवायला शिकेल.

पैशाचं म्हणाल, तर फी ही नुसती सुरुवात. हॉटेल, पेट्रोल, बाहेरचं खाणं, नवी बॅट (नववीत शाळेच्या टीमला वेगळ्या प्रमाणाची बॅट लागते, आत्ताची चालेलच असं नाही), सगळं एका कागदावर मांडा. काही स्पर्धांत त्यांनी ठरवलेल्याच हॉटेलात उतरावं लागतं, तेही विचारून घ्या. कॉलेजच्या स्कॉलरशिपचं गाजर पुढे केलं तर हुरळून जाऊ नका. २०२५पर्यंत वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठाच्या अख्ख्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असत, त्याच साऱ्यांत वाटायच्या. नियम आता बदलले, पण अजूनही त्या आशेवर घरखर्च बेतू नये.

आणि धाकटीचं काय? तिची रविवारची मराठी शाळा दर आठवड्याला बुडणार आणि ती मोटारीच्या मागच्या सीटवर गृहपाठ करणार, हे तुम्ही एका ओळीत लिहून गेलात. त्या कागदावर तेही मांडा.

माझं मत विचारलंत, तर बारा मुलांची टीम, तीही त्यांची चेंडूंची वही पाहून. दोन दिवसांत ५०० डॉलर भरा नाहीतर जागा जाईल, असं मोठ्या टीमने कळवलंय म्हणता. जाऊ द्या. पण आज रात्री जेवणं झाली की मुलाला जवळ बसवा. सांगा, "कोपराचं तू बाबांना सांग, मी शेजारी बसते." त्याने नाहीच सांगितलं तर उद्या तुम्ही सांगा. रागावेल, एक-दोन दिवस बोलणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा.

(पापडखार आणि उडदाच्या प्रमाणाविषयी विचारणाऱ्या भगिनींची उत्तरं जागेअभावी पुढच्या अंकात.)