ऑर्डर आली का?

आज शिक्षकदिन. डॉ. राधाकृष्णन यांच्या तसबिरीला हार पडेल, दहावीची मुले-मुली एका दिवसापुरते सर आणि मॅडम होतील, पुरस्कार वाटले जातील, गुरुमहिमा सांगणारे श्लोक म्हटले जातील. या श्लोकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये खडे बोल सुनावले आहेत. गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतले कंत्राटी सहायक प्राध्यापक वर्षानुवर्षे महिना ३० हजारांवर राबत होते. त्यांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की समारंभात गुरूला देव म्हणणे पुरेसे नाही. त्याला आपण कसे वागवतो त्यात ते दिसले पाहिजे. शिक्षकदिनी महाराष्ट्राने हीच कसोटी स्वतःला लावून पाहावी.

राज्यात २००० साली दोन निर्णय झाले. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आले, आणि त्याच वर्षी शिक्षणसेवक योजना आली. म्हणजे शाळेकडून मागायचे जास्त आणि शिकवणाऱ्याला द्यायचे कमी, असा हा जोडनिर्णय. डीएड-बीएड करून आलेल्या तरुणाने तीन वर्षे मानधनावर काढायची, मग वेतनश्रेणी. हे मानधन कित्येक वर्षे प्राथमिकला ६, माध्यमिकला ८ आणि उच्च माध्यमिकला ९ हजार होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १६, १८ आणि २० हजार झाले. तरी शिक्षणसेवकाला तीन वर्षांनंतर कायम होण्याची आशा असते. त्याच्या खालच्या पायरीवर तासिका तत्त्वावरचे, ठोक मानधनावरचे आणि कंपनीमार्फत आलेले संगणक शिक्षक उभे आहेत. त्यांना ती आशाही नाही. कमी पटाच्या शाळांत महिना १५ हजार मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा शासन निर्णय तर नेमका ५ सप्टेंबर २०२४ रोजी, शिक्षकदिनीच निघाला. शिक्षकांनी त्याला सामूहिक रजेने उत्तर दिले.

नवी मुंबईला हा विषय परका नाही. स्वच्छ सर्वेक्षणात देशातल्या पहिल्या तीन शहरांत बसलेली ही महापालिका मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते. दिघा, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातल्या कष्टकऱ्यांची मुले तिथे शिकतात. महापालिकेने सीबीएसई शाळाही काढल्या. कोपरखैरणेच्या शाळेत शिक्षक अपुरे म्हणून पालकांना आंदोलन करावे लागले. इमारत, बाके, डिजिटल फळा यांवर खर्च करताना महापालिकेचा हात आखडत नाही. शिक्षक मात्र करारावर, ठोक मानधनावर नेमून वेळ भागवली जाते. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडली की शिक्षक-खोलीत नेमणुकीच्या पत्राबद्दलचा पहिला प्रश्न असतो, ‘ऑर्डर आली का?’

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे महिन्याच्या हिशेबात दिसते. जितके तास फळ्यासमोर, तितकेच पैसे. पेपर तपासणे, पालकसभा, स्नेहसंमेलनाची तालीम, सहलीला मुले सांभाळणे हे सगळे करायचे, पण बिलात ते बसत नाही. गणपती, दिवाळी आणि मे महिना म्हणजे इतर शिक्षकांची सुट्टी आणि तासिकेवरच्या शिक्षकाची बिनपगारी. बिल मुख्याध्यापकांच्या सहीने वर जाते आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी एकदम येतात. तोवर घरभाडे, किराणा आणि लोकलचा पास उसनवारीवर. संध्याकाळी क्लास घेतल्यावाचून या शिक्षकांची चूल पेटत नाही.

कंत्राटी शिक्षकांचा हा रोग गरीब देशांचाच, असेही नाही. जपानने १९८७ साली ‘जेट’ योजनेतून शाळांत परदेशी सहायक इंग्रजी शिक्षक आणायला सुरुवात केली. सरकारी चौकटीतली ती नेमणूक बऱ्यापैकी पगाराची होती. पुढे अनेक नगरपालिकांनी स्वस्त पडते म्हणून हे काम खासगी कंपन्यांना दिले. वर्षाचा करार, शाळेच्या सुट्टीत कापला जाणारा पगार आणि पुढच्या एप्रिलला शाळा सुरू होताना करार राहील का ही चिंता, हे तिथल्या अनेकांच्या वाट्याला आले. काही ठिकाणी तर शिकवण्याचे कामच ठेक्याने दिलेले असते. ठेकेदाराच्या माणसाला शाळेने थेट हुकूम द्यायचा नाही, असा कायदा. त्यामुळे वर्गशिक्षक आणि सहायक एकाच फळ्यासमोर उभे असूनही ‘हा उतारा पुन्हा वाचून घ्या’ एवढी सूचना देणेही नियमात अडकते. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला, तरी तो शिकवायला मदत करणारे असे हंगामीच राहिले. कंत्राटाने पैसे वाचतात. पण शिकवणाऱ्याची जबाबदारी शाळा कंपनीवर आणि कंपनी शाळेवर टाकते, हा अनुभव जपानचा आणि आपला सारखाच आहे.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. पट कमी-जास्त होतो, सरकारच्या ‘पवित्र’ पोर्टलवरची शिक्षकभरती रखडते, तोवर वर्ग रिकामा ठेवायचा का? नक्कीच नाही. एखादी बाई प्रसूती रजेवर गेली तर हंगामी शिक्षक हवाच. पण जागा वर्षानुवर्षे भरायचीच नाही आणि दर जूनला नवी तात्पुरती ऑर्डर काढायची, याला अडचण म्हणत नाहीत, धोरण म्हणतात. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच पंजाबच्या खटल्यात सांगितले. नुकसान एकट्या शिक्षकाचेही नाही. पहिलीतल्या मुलाचे अक्षर कुठे अडते, हे कळायला वर्ष जाते. ते कळले की शिक्षक बदलतो आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. खासगी शाळेची फी परवडते तो पालक दुसरी वाट धरतो. तुर्भ्याच्या नाक्यावर काम शोधणाऱ्याला ती सोय नाही.

म्हणून नवी मुंबई महापालिकेने सत्काराबरोबर आज काही ठोस जाहीर करावे. मंजूर पदे किती आणि रिकामी किती, हे शाळानिहाय प्रसिद्ध करावे. मानधन दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेत जमा व्हावे. मे महिन्यासह पूर्ण शैक्षणिक वर्षाची ऑर्डर शाळा उघडण्याआधी हातात पडावी. सलग सेवा केलेल्यांना कायम भरतीत वेटेज मिळावे, यासाठी राज्य सरकारकडे पाठपुरावा करावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. अर्थसंकल्पात तरतूद आणि आयुक्तांची सही लागते. पुढच्या ५ सप्टेंबरला या यादीतले काय झाले, ते पालकांनी महापालिकेला जाहीरपणे विचारावे.