ताईंची हातगाडी आणि बर्फाची पेटी



गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या एक ताई दाराशी आल्या. कारखान्यांच्या रस्त्यावर त्या हातगाडी लावून ताक विकतात. हातात एक छापील कागद होता. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही हिशेबातले. वाचून सांगा, सही करू का नको?”

आम्ही कागद वाचला. डीप फ्रीझर हप्त्यावर घेण्याचा तो करार होता. रोख किंमत 24,000 रुपये. हप्ता महिना 2,600 रुपये, असे 12 हप्ते. म्हणजे एकूण 31,200 रुपये. 7,200 रुपये नुसते वरचे, शिवाय विजेचे बिल वेगळे. आणि मुख्य गोष्ट अशी की फ्रीझर राहणार घरात आणि ताक विकायचे रस्त्यावर. रस्त्यावर वीज कुठून आणणार?

ताई म्हणाल्या, “मग करू काय? दुपारी दोननंतर ताक आंबतं. रोज चार लिटर गटारात जातं. मुलगी बारावीला आहे, तिची फी भरायचीय. बर्फ टिकत नाही अन् पैसाही टिकत नाही.”

आम्ही सही थांबवली आणि त्यांच्याबरोबर गाडी पाहायला गेलो. गाडीवर एक प्लास्टिकचा टब. टबात मासळीवाल्याकडून आणलेला थर्माकोलचा खोका, त्याचे कोपरे फुटलेले. वर ओले पोते. सकाळी 10 किलो बर्फ, दुपारी पुन्हा 10 किलो. आमच्या लक्षात आले की ताईंची अडचण फ्रीझरची नाही, पेटीची आहे.

अमेरिकेसारख्या देशात काही लोक मोटारीमागे छोटी घरगाडी जोडून सहलीला जातात. रानात वीज नसते, म्हणून हौशी माणसे त्या गाडीत स्वतःच्या हाताने बर्फाची पेटी बसवतात. त्यांची ती हौस, आपल्या ताईंची ती भाकरी. पण पेटीचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. उष्णतेचे गणित ताईंच्या मुलीनेच वहीत मांडून दिले. तिने सांगितले की बर्फ थंडी देत नाही, तो उष्णता खातो. 1 किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता शोषतो. म्हणून बर्फ वाचवायचा तर बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही. 1833 साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याला सुमारे 180 टन बर्फ पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, तोही उष्ण समुद्रातून, तरी सुमारे 100 टन बर्फ शिल्लक पोहोचला. त्या काळी ना वीज, ना थर्माकोल. ती करामत झाडाच्या सालीच्या वाळलेल्या भुशाची होती. भुशात हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. थर्माकोलचेही काम तेच.

आता मुलीने केलेला हिशेब पाहा. पेटी आतून 20 इंच लांब, 16 इंच रुंद, 16 इंच खोल. भोवती 2 इंच थर्माकोल. बाहेर 36 अंश, आत 6 अंश. 10 तासांत भिंतींतून जी उष्णता शिरते ती सुमारे सव्वातीन किलो बर्फ खाते. थर्माकोल 1 इंचाचा ठेवला तर साडेसहा किलो. आणि 20 लिटर ताक 30 अंशांवरून 6 अंशांवर आणायलाच 6 किलो बर्फ लागतो. म्हणजे भिंतींपेक्षा मालच जास्त बर्फ खातो. हे कळल्यावर ताईंनी दह्यात नळाचे पाणी घालणे सोडले. आता त्या माठातल्या गार पाण्याने ताक घुसळतात. ताक 25 अंशांवर पेटीत गेले तर सव्वा किलो बर्फ तिथेच वाचतो.

पेटी कोणी बनवली? वस्तीतला एक मुलगा आय.टी.आय.मधून सुतारकाम शिकून घरी बसला होता. त्याला बोलावले. बाहेरून 12 मिलिमीटरचा प्लायवूड, त्याच्या आत प्लास्टिकचा जाड कागद, मग थर्माकोल आणि सगळ्यात आत ॲल्युमिनियमचा पत्रा. प्लास्टिक अशासाठी की बाहेरची दमट हवा थर्माकोलमध्ये शिरून ओल धरू नये. ओल धरली की थर्माकोल निकामी होत जातो. 2 इंचांचा एकच थर न लावता 1 इंचाचे दोन थर लावले. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ दिला नाही, नाहीतर उष्णतेला सरळ फट मिळते.

इथे आमची एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. चप्पल चिकटवतात तो पिवळा डिंक आम्ही घाईने आणून दिला. लावल्याबरोबर थर्माकोल विरघळून त्याला खड्डे पडले. दोन शीट वाया गेल्या. त्या डिंकातले द्रावण थर्माकोलला खाते. मुलगा हसून म्हणाला, “काका, सुताराला विचारायचं होतं.” बरोबरच होते. लाकडाला लावतात तो पांढरा डिंक वापरावा. वाळायला वेळ लागतो, पण थर्माकोलला धक्का लागत नाही.

झाकण वरून उघडणारे ठेवले. गार हवा जड असते. बाजूला दार ठेवले तर ती प्रत्येक वेळी पायावर सांडते; वरून उघडले तर तळात बसून राहते. झाकणातही 2 इंच थर्माकोल आणि कडेने रबराची पट्टी. तळाच्या एका कोपऱ्याला उतार देऊन अर्ध्या इंचाचा पाईप काढला व त्याला तोटी बसवली. वितळलेले पाणीही गारच असते, म्हणून ते सारखे काढायचे नाही; पण डब्याच्या तोंडापर्यंत चढू द्यायचे नाही. तळाशी लाकडी जाळी ठेवली.

भरलेली पेटी 50 किलोच्या आसपास जाते. ती गाडीच्या टोकाला बसवली तर गाडी उलटेल. म्हणून बरोबर चाकांच्या आसावर, बोल्ट मारून घट्ट बसवली. बाहेरून पांढरा रंग दिला आणि वर कापडाचे छप्पर. एक इशारा: थर्माकोल फार लवकर पेटतो. ज्यांच्या गाडीवर स्टोव्ह आहे त्यांनी पेटी त्यापासून लांब ठेवावी आणि थर्माकोल कुठेही उघडा ठेवू नये.

मग परीक्षा घेतली. रात्री नऊ वाजता नव्या पेटीत 5 किलो बर्फाचा तुकडा ठेवला आणि जुन्या खोक्यातही 5 किलो. सकाळी सात वाजता निम्मी चाळ पाहायला जमली. जुन्या खोक्यात नुसते पाणी. नव्या पेटीतला तुकडा काट्यावर ठेवला, तर पावणेदोन किलो भरला. ताई काही बोलल्या नाहीत. हप्त्याचा कागद घडी घालून त्यांनी मुलीच्या वहीत ठेवला.

आता पेटी वापरण्याबद्दल. बर्फ फोडून घेऊ नये, अखंड तुकडा घ्यावा. चुऱ्याला सगळीकडून उष्णता लागते, तो लवकर वितळतो. थोडा चुरा फक्त सकाळी ताक लवकर गार करण्यापुरता वापरावा. पेटी वारंवार उघडू नये. ताई आता दोन लिटरचे भांडे भरून घेतात, ते संपेपर्यंत झाकण बंद. ताक झाकणाच्या स्टीलच्या डब्यातच ठेवावे. रोज रात्री पेटी धुऊन, पुसून, झाकण उघडे ठेवून वाळवावी.

आणि पेटीतला बर्फ ग्लासात टाकू नये! कारखान्यातला सगळाच बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. महाराष्ट्रात 2018 सालापासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करण्याचा नियम झाला, तो यासाठीच. निळा बर्फ मालाभोवती ठेवायचा, पोटात घालायचा नाही. आपले गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखाच कामगार. त्याचे पोट बिघडले तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो.

शेवटी जमाखर्च. प्लायवूड, थर्माकोल, पत्रा, बिजागऱ्या, रंग आणि सुताराची मजुरी मिळून 4,850 रुपये लागले. वाया गेलेल्या दोन शीट त्यात धरलेल्या नाहीत, त्या आमच्या खिशातून. हे पैसे ताईंनी भिशीतून उचलले. पूर्वी रोज 20 किलो बर्फ लागे, आता 12 किलो पुरतो. त्यांच्या दुकानात किलोला 8 रुपये पडतात, म्हणजे रोज 64 रुपये वाचले. वाया जाणारे 4 लिटर ताक वाचले, त्याचे लिटरला 40 प्रमाणे 160 रुपये. रोजचे 224 रुपये. 22 दिवसांत पेटीची किंमत वसूल झाली. तेविसाव्या दिवसापासूनची बचत मुलीच्या नावाच्या पासबुकात जाते.

आम्ही हप्त्याच्या विरोधात नाही. गरजेला कर्ज काढावेच लागते. पण सही करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. आपली अडचण नेमकी कोणती? आणि ही वस्तू तीच अडचण दूर करणार का? कागद वाचता येत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलाला, मुलीला वाचायला सांगावे. शिक्षण घरात असताना त्याचा उपयोग न करणे हे सगळ्यात मोठे नुकसान.

सुतार मुलाला त्यानंतर दोन पेट्यांचे काम मिळाले, एक कुल्फीवाल्याचे आणि एक मासळीवाल्या मावशींचे. मावशींनी 3 इंच थर्माकोल सांगितला आहे. त्यांनी ताईंच्या मुलीकडून हिशेब समजून घेतला होता.